पाणी कुठून येतंय, ते आधी पाहू या

गोव्यातल्या फोंड्याच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या शाळेत शिकवतात, नवरा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे, घरात सात वर्षांचा मुलगा आहे. मे महिन्यात त्यांनी तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्याने घेतला. अकरा महिन्यांचा करार, भाडं १३,००० रुपये, डिपॉझिट ३९,०००. इमारत नऊ वर्षांची. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला ओल आली, मग छताला, आणि आता पंख्याच्या हुकाजवळून थेंब पडतात. गादी, कपाटातल्या साड्या, मुलाची पुस्तकं खराब झाली. मुलाला खोकला सुटत नाही.

फ्लॅट मालकीणकाकींच्या कुवेतमधल्या मुलाच्या नावावर आहे. करारावर त्याच्या मुखत्यारपत्रावरून काकींनी सही केली आहे. काकींचं म्हणणं असं, की गोव्यात पावसात ओल येतेच, तुम्ही खिडक्या बंद ठेवता, कपडे घरात वाळत घालता, आणि करारात ‘आतील सर्व दुरुस्ती भाडेकरूने करावी’ असं लिहिलेलं आहे. त्यातच खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाची तक्रार आली, की वरच्या बाथरूमचं पाणी उतरून आमचं पीओपीचं छत गेलं, २२,००० रुपये द्या. काकी म्हणतात, डिपॉझिटमधून कापू. समोरच्या शेजाऱ्यांनी हळूच सांगितलं, की आधीचा भाडेकरू याच गळतीला कंटाळून गेला आणि भिंत एप्रिलमध्ये नवी रंगवली होती.

ताई विचारतात: “भाडं थांबवू का? तीन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमध्ये वळतं करून निघून जाऊ का? मी तापाने पडले होते तेव्हा काकींनी आठ दिवस जेवण पाठवलं. त्यांना नोटीस पाठवायला मन होत नाही. पण गप्प बसले तर ३९,००० वर पाणी सोडावं लागेल. यात चूक कोणाची?”

ताई,

सगळ्यात आधी पंख्याचं. हुकाजवळून पाणी गळत असेल तर त्या खोलीतला पंखा आणि दिवा आजपासून वापरू नका. मेन बोर्डावरचा त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे खटका, खाली करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. छतातलं पाणी वायरींच्या पाइपातून स्विचबोर्डापर्यंत उतरतं. भिंत वरून कोरडी दिसत असली तरी बोर्डाला हात लावल्यावर झटका बसू शकतो. घरात आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारा खटका, बसवलेला आहे का, तेही त्याच्याकडून पाहून घ्या. छताचा गिलावा कुठे फुगला असेल किंवा काठीने टोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर त्याखाली पलंग ठेवू नका. मुलाला दुसऱ्या खोलीत झोपवा. ओलीच्या बुरशीने दमा आणि खोकला बळावतो, त्यामुळे डॉक्टरांना दाखवताना घरात बुरशी आहे हे आवर्जून सांगा. इलेक्ट्रिशियनचे पैसे कोण देणार, हा वाद नंतर करता येईल. पावती मात्र जपून ठेवा.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. चूक कोणाची, असं तुम्ही विचारता. पण तुमच्या पत्रात पाणी एक नाही, दोन आहेत, कदाचित तीन. छतातून गळणारं एक. भिंतीतून येणारं दुसरं, ते छताचंच असेल किंवा वेगळं. आणि तुमच्या बाथरूममधून खाली उतरणारं तिसरं. काकींनी या सगळ्याची एकच गाठ बांधून ती तुमच्या हातात दिली, आणि तुम्हीही ती तशीच धरून बसला आहात. ती सोडवल्याशिवाय जबाबदारी ठरवता येणार नाही. पाणी ज्या वाटेने आलं, ती वाट कोणाच्या ताब्यात आहे हे कळलं की निम्मा वाद तिथेच मिटतो.

ही वाट शोधायला सुरुवातीलाच मोठा इंजिनिअर लागत नाही. कॅलेंडर आणि फोन पुरतो. छताचे थेंब पाऊस लागल्यावर वाढतात आणि दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की कमी होतात का? तसं असेल तर पाणी गच्चीचं आहे. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. गच्चीवरच्या पन्हाळीच्या तोंडात पानं अडकली, की पाणी तिथे दिवसचे दिवस तुंबून राहतं आणि कोब्याच्या फटींतून स्लॅबमध्ये झिरपतं. म्हणून आधी कोणाला तरी गच्चीवर पाठवून ती तोंडं साफ करून घ्या. कधी कधी एवढ्यानेही थेंब थांबतात.

पश्चिमेकडच्या भिंतीचं कारण वेगळं असू शकतं. आपल्याकडे पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते आणि त्या अंगाची भिंत दिवसभर मार खाते. बाहेरच्या गिलाव्याला केसाएवढी चीर असली तरी पाणी आत शिरतं. आपल्या गावच्या घरांना पावसाआधी त्या बाजूने चुडतं, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या, बांधतात ती यासाठीच.

काकी म्हणतात तसा घरातला दमटपणाही असू शकतो, आणि ती शक्यता तुम्ही रागाने झटकू नये. ती तपासायला सोपी आहे. ओलीच्या जागी हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांना चिकटपट्टी लावून भिंतीला डकवा आणि दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला दव धरलं तर हवेतला दमटपणा आहे. त्यासाठी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, कपडे बाल्कनीत किंवा पंख्याखाली दुसऱ्या खोलीत वाळवा, पाऊस थांबला की खिडक्या उघडा. पाणी प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला जमलं, तर ते भिंतीतूनच येत आहे. मग तुमच्या कपड्यांचा त्याच्याशी संबंध नाही. या चाचणीचे फोटो काढा, काकींना दाखवा, जमल्यास त्यांच्या समोरच करा. आणि एक साधी गोष्ट: कपडे घरात वाळत घातल्याने पंख्याच्या हुकातून कधीच पाणी गळत नाही.

कायद्याबद्दल तुम्ही फारसं विचारलेलं नाही, पण तुमच्या प्रत्येक ओळीमागे तो उभा आहे. भाडेकरू आणि मालक यांच्या कर्तव्यांचा मूळ आधार १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये आहे. भाडेकरूने जागा घेतली तशी चांगल्या स्थितीत ठेवावी, असं ते सांगतं, पण रोजच्या वापराने होणारी झीज आणि माणसाच्या आवाक्याबाहेरच्या शक्तीने झालेलं नुकसान त्यातून वगळतं. म्हणजे तुमच्या मुलाने खिडकीची काच फोडली तर ती तुमची. गच्चीच्या पाण्याने रंगाचे पोपडे निघाले, तर ते तुमच्या डिपॉझिटमधून कापण्याचं कारण नाही.

याच कलमात एक तरतूद अशी आहे, जी लोक अर्धीच ऐकतात. मालकाला जी दुरुस्ती करणं बंधनकारक आहे ती त्याने सूचना मिळूनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. इथे ‘बंधनकारक आहे ती’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कोणती दुरुस्ती मालकावर बंधनकारक, हे करारातून किंवा लागू असलेल्या दुसऱ्या कायद्यातून ठरतं. त्यामुळे ही तरतूद ऐकून थेट गवंडी बोलावू नका. आधी लेखी विचारा, ‘इतका खर्च येतो आहे, भाड्यातून वळता केला तर चालेल ना?’ काकींनी व्हॉट्सॲपवर ‘चालेल’ एवढं लिहिलं, तरी पुढचा सगळा तंटा टळतो.

मग करारातल्या त्या ओळीचं काय? तुम्ही सही केली म्हणजे सगळं संपलं, असं तुम्ही धरून चालला आहात. सहीला किंमत आहे, ते नाकारत नाही. कलम १०८ स्वतःच म्हणतं, की उलट करार नसेल तेव्हा ही कर्तव्यं लागू होतात. पण करारात ‘आतील’ दुरुस्ती म्हटलं आहे. गच्चीचा स्लॅब आणि इमारतीची बाहेरची भिंत तुमच्या फ्लॅटच्या आतली नाहीत. तिथे हात लावायचा अधिकार तुम्हाला नाही, काकींनाही एकट्याने नाही, कारण गच्ची सगळ्या इमारतीची सामाईक आहे. ज्या वस्तूला हात लावायचा हक्क नाही, तिच्या दुरुस्तीचा भार कोणावर टाकायचा तर ते करारात स्वच्छ लिहिलेलं हवं. तुमच्या करारात तसं लिहिलेलं नाही.

काय आतलं आणि काय बाहेरचं, याची ढोबळ वाटणी हवी असेल तर केंद्र सरकारचा २०२१ चा नमुना भाडेकरार कायदा उपयोगी पडतो. तो नमुना आहे, राज्याने आपला कायदा केल्याशिवाय तो कोणावर बंधनकारक होत नाही. पण त्याच्या परिशिष्टातली यादी शहाणी आहे. बांधकामाची दुरुस्ती, भिंतींचा रंग, गरज पडेल तेव्हा पाण्याचे पाइप बदलणं आणि वायरिंग हे मालकाकडे. नळ आणि त्याचे वायसर, तुंबलेली नाहणी, बेसिन आणि कमोडची दुरुस्ती, गीझर, स्विच, कडी-कुलपं, खिडकीच्या काचा हे भाडेकरूकडे. काकींसमोर बसून बोलताना ही वाटणी दोघींना मान्य होण्यासारखी आहे, आणि ती तुमच्याच बाजूची आहे असं त्यांना वाटणार नाही, कारण त्यातल्या बऱ्याच गोष्टी तुमच्या गळ्यात आहेत.

शेजाऱ्यांनी जे हळूच सांगितलं, ते मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. जागेत असा मोठा दोष असेल, जो मालकाला माहीत आहे आणि भाडेकरूला नीट पाहूनही कळण्यासारखा नाही, तर तो सांगणं हे मालकाचं कर्तव्य आहे. हेही कलम १०८ मध्येच आहे. मे महिन्यात, नव्या रंगाखाली, पावसाची गळती तुम्हाला कशी कळणार? आधीचा भाडेकरू कोण होता ते शोधा, त्याच्याशी बोला, आणि तो तयार असेल तर ‘अमुक वर्षी पावसात इथे गळत होतं, मालकांना कळवलं होतं’ असा दोन ओळींचा मेसेज मागून घ्या. तो लगेच कोणाच्या तोंडावर फेकायचा नाही. काकींनी लबाडी केली असं मी म्हणत नाही. पुष्कळ लोक प्रामाणिकपणे समजतात, की रंग दिला म्हणजे ओल गेली. पण गळती जुनी आहे हे सिद्ध झालं, तर ‘तुमच्या वापराने झालं’ हा मुद्दा संपतो.

भाडं थांबवू नका. हे मी फार आग्रहाने सांगते. आज तुमची बाजू भक्कम आहे, भाडं थकलं की ती कमकुवत होईल. गोव्यात १९६८ चा भाडेनियंत्रण कायदा आहे, त्यासाठी रेंट कंट्रोलर नेमलेले असतात, आणि थकलेलं भाडं हे जागा खाली करून घ्यायचं कारण होऊ शकतं. तुमच्या कराराला तो कायदा लागू पडतो की नाही, हे वकिलाने करार वाचूनच ठरवावं. कराराच्या डोक्यावर ‘लीव्ह अँड लायसन्स’ लिहिलं आहे की ‘लीज’ एवढ्यावर ते ठरत नाही, जागेचा ताबा प्रत्यक्षात कसा दिला आहे ते पाहिलं जातं. कायदा कोणताही लागू पडो, ज्याने वेळेवर बँकेतून भाडं भरलं आहे त्याचं म्हणणं सगळीकडे शांतपणे ऐकलं जातं. डिपॉझिटमध्ये तीन महिने वळते करण्याचंही तसंच. दोघांच्या लेखी संमतीने ते चालतं, एकतर्फी केलं तर तुम्ही थकबाकीदार ठरता. आणि खालच्या मजल्याचे २२,००० अजून ठरायचे असताना तुम्ही निघून गेलात, तर ते तुमचेच होते असा अर्थ सगळे काढतील.

थांबवण्याऐवजी कमी करून मागा. दोनपैकी एक बेडरूम वापरता येत नाही, वीज बंद आहे. दुरुस्ती होईपर्यंत १३,००० ऐवजी १०,००० घ्या, अशी विनंती अवाजवी नाही. काकी हो म्हणाल्या तर लेखी घ्या. नाही म्हणाल्या तर पूर्ण भाडं भरत राहा, आणि मेसेजमध्ये एवढं लिहा, की खोली वापरता येत नसल्याने भाडं कमी करण्याची माझी मागणी कायम आहे.

गादी, साड्या आणि पुस्तकांचं मात्र मला तुम्हाला थोडं कडू सांगावं लागेल. भाड्याच्या घरात सामान भिजलं म्हणून मालकाने भरपाई द्यायची, असा सरसकट नियम नाही. त्यांना गळती माहीत होती आणि तरी त्यांनी काही केलं नाही, हे दाखवावं लागतं. म्हणून तुम्ही पहिल्यांदा कधी कळवलं ती तारीख फार मोलाची आहे. तुम्ही जुलैत तोंडी सांगितलं असेल, तर आज लिहिताना तेही लिहा. आणि कळवल्यानंतरही सामान त्याच भिंतीला टेकून ठेवलं असेल, तर पुढच्या नुकसानीचा दोष तुमच्याकडेही येतो. १८७२ च्या करार कायद्यात तत्त्वच आहे, की नुकसान कमी करण्याचे हाताशी असलेले उपाय आपण केले पाहिजेत. कपाट आजच हलवा.

सामानाचा विमा भाडेकरूलाही काढता येतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. २०२१ मध्ये सुरू झालेली भारत गृह रक्षा ही एकसारखी पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. त्यात फक्त घरातल्या सामानाचाही विमा घेता येतो. वादळ, पूर, फुटलेला पाइप, भरून वाहिलेली टाकी यांचं नुकसान त्यात येतं. हळूहळू झिरपणारी ओल त्यात येईल अशी आशा धरू नका. पुढच्या पावसासाठी विचार करा, या वर्षाची गादी त्यातून मिळणार नाही.

आता खालच्या मजल्याचं. इथे तुम्ही स्वतःला निर्दोष धरून चालू नका, आणि काकींनीही तुम्हाला दोषी धरू नये. एखाद्या शनिवारी प्लंबर बोलवा, काकींना बोलवा, खालच्यांना त्यांच्या घरात उभं राहायला सांगा. आधी घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर पाहा. काटा हलत असेल तर भिंतीतला दाबाचा पाइप कुठेतरी फुटला असण्याची शक्यता आहे, आणि तो मालकाचा. काटा स्थिर असेल तर नाहणीचं भोक बंद करून बाथरूममध्ये दोन बोटं रंगीत पाणी साठवा आणि काही तास वाट पाहा. खाली रंग उतरला तर फरशीच्या सांध्यांतून किंवा ट्रॅपच्या कडेने पाणी जात आहे, म्हणजे बाथरूमखालचं वॉटरप्रूफिंग गेलं आहे. नऊ वर्षांच्या इमारतीत ते तुमच्या चार महिन्यांच्या वापराने गेलेलं नसतं, तो खर्चही मालकाचा.

पण वॉशिंग मशीनचा पाइप निसटून पाणी पसरत होतं, किंवा नाहणी केसांनी तुंबून बाथरूममध्ये पाणी उभं राहत होतं आणि तुम्ही तसंच चालवून घेतलं, असं निघालं, तर खालच्यांच्या नुकसानीतला काही भाग तुम्ही उचलायला हवा. तसं असेल तर प्लंबर यायच्या आधी तुम्हीच सांगून टाका. आणि २२,००० हा आकडा कुठून आला तेही विचारा. पीओपीचा ओला तुकडा बदलायला किती, आणि सगळं छत नवं करायला किती, ही दोन वेगळी कोटेशनं मागा. चाचणी होईपर्यंत डिपॉझिटला कोणी हात लावणार नाही, एवढं काकींकडून लिहून घ्या.

नोटीस पाठवायला मन होत नाही, असं तुम्ही लिहिलंत. ते मला समजतं, आणि काकींनी आजारपणात केलेली सेवा तुम्ही विसरला नाहीत हे चांगलंच आहे. पण लिहिणं म्हणजे भांडणं, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? वकिलाची नोटीस वेगळी आणि आपण आपल्या भाषेत लिहिलेलं पत्र वेगळं. तोंडी बोलण्यात काकी एक ऐकतात, कुवेतला मुलाला दुसरं सांगतात, तो तिसरंच समजतो. मालक तो आहे, खर्चाचा निर्णय तो घेणार, आणि बहुधा त्याने ती भिंत पाहिलेलीसुद्धा नाही. त्यामुळे पत्र दोघांनाही जायला हवं. साधारण असं लिहा (यातले ‘दादा’ म्हणजे काकींचा मुलगा):

“काकी, नमस्कार. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला आणि छताला ओल आहे, तेव्हाच तुम्हाला सांगितलं होतं. आता पंख्याच्या हुकातून पाणी गळतं म्हणून त्या खोलीची वीज बंद ठेवली आहे. फोटो आणि व्हिडिओ सोबत पाठवते. गच्चीची तोंडं साफ करून वर ताडपत्री घालायची सोय या आठ दिवसांत व्हावी. सोसायटीचे सभासद दादा आहेत, तेव्हा सोसायटीला पत्र तुमच्याकडून गेलेलं बरं. बाथरूम शनिवारी प्लंबरला दाखवू या, खालच्यांनाही बोलावू. भाडं नेहमीप्रमाणे भरते आहे. दादांनाही हा मेसेज पाठवत आहे.”

यात आरोप नाही, धमकी नाही. पण तारीख, नुकसान, मागणी आणि मुदत हे सगळं आहे. पुढेमागे वाद वाढला तर हाच मेसेज तुमच्या कामी येईल. फोटो मूळ फोनमध्ये ठेवा, फोन बदलला तरी जुना टाकून देऊ नका.

सोसायटीचा मुद्दा त्या मेसेजमध्ये मुद्दाम घातला आहे. तुम्ही भाडेकरू, त्यामुळे कमिटी तुमच्या तक्रारीला ‘मालकांना सांगा’ म्हणून परत पाठवू शकते. सभासदाची तक्रार त्यांना नोंदवून घ्यावी लागते. काकींना हे सांगा, की गच्चीचा खर्च एकट्या त्यांच्यावर पडायचं कारण नाही, तो सगळ्या इमारतीचा आहे. माझा अंदाज असा, की काकी आज जो ताठा दाखवतात त्यामागे ‘एवढा मोठा खर्च मी कुठून करू’ ही भीती असावी. आणि दुरुस्ती लांबवण्यात त्यांचंच नुकसान आहे, हेही त्यांना समजावून सांगण्यासारखं आहे. स्लॅबमध्ये मुरलेल्या पाण्याने सळया गंजतात, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, आणि सळई फुगली की खालचं काँक्रीट सुटून पडतं. आज वॉटरप्रूफिंगचा खर्च आहे, दोन-तीन पावसाळ्यांनंतर स्लॅबचा असेल.

नवीन इमारतीत राहणाऱ्या वाचकांसाठी जाता जाता: ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा दोष दिसला, तर २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन, कायद्याच्या कलम १४ नुसार बिल्डरने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. तक्रार फ्लॅटच्या मालकाने करायची. भाडेकरूने त्याला फोटो द्यावेत आणि वर्षं मोजून दाखवावीत.

आता ही दुरुस्ती कधी होणार? चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी सगळं करून द्या, असा हट्ट धरू नका. ओल्या स्लॅबवर केलेलं वॉटरप्रूफिंग टिकत नाही. आता ताडपत्री किंवा पत्रा, आणि खरं काम पाऊस गेल्यावर, स्लॅब वाळल्यावर, दिवाळीनंतर. काम झालं की गच्चीवर दोन-तीन इंच पाणी दोन-तीन दिवस साठवून ठेवायचं आणि खाली छत पाहायचं. ही चाचणी झाल्याशिवाय कंत्राटदाराचे शेवटचे पैसे देऊ नयेत, हे काकींना सांगाच. आतून दमटपणा अडवणारा महागडा रंग लावायचा प्रस्ताव आला तर नम्रपणे नको म्हणा. बाहेरून पाणी येत असताना आतून लावलेला कोणताही रंग पुढच्या पावसात पोपड्यांनी खाली येतो.

राहायचं की जायचं? पत्र वाचून मला वाटतं, तुम्हाला जायचं नाही, तुम्हाला कोणीतरी दखल घ्यायला हवी आहे. म्हणून माझा कल असा: मेसेज पाठवा आणि आठ दिवस थांबा. ताडपत्री पडली, शनिवारची तपासणी झाली, भाड्याचं काही ठरलं, तर मुलाचं शाळेचं वर्ष संपेपर्यंत तिथेच राहा. आठ दिवसांत कोणी हललं नाही तर एक लेखी आठवण द्या, आणि तरीही काही झालं नाही तर करारात लिहिलेल्या मुदतीची नोटीस देऊन निघा. मुलाचा खोकला वाढला तर मात्र आठ दिवसांचीही वाट पाहू नका, काही दिवसांसाठी नातेवाइकांकडे राहायला जा. निघताना प्रत्येक भिंतीचा व्हिडिओ काढा, मीटरचा आकडा टिपा, किल्ल्या दिल्याची पोच घ्या, आणि डिपॉझिट परत मागणारं पत्र द्या. ते न मिळाल्यास वसुलीसाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण इतकी वाट कशाला पाहायची? तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पगार आहे म्हणून संकोचू नका. दावा दाखल व्हायच्या आधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, आणि तिथे दोघांच्या संमतीने झालेल्या निवाड्यावर अपील होत नाही. काकींनाही कोर्टाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा ते सोपं जाईल.

आणि राहायचं ठरलं, तर एप्रिलमध्ये करार नवा होईल तेव्हा ‘आतील सर्व दुरुस्ती’ ही ओळ तशीच पुढे जाऊ देऊ नका. तिच्या जागी लिहून घ्या, की गच्ची, बाहेरच्या भिंती, भिंतीतले पाइप आणि बाथरूमखालचं वॉटरप्रूफिंग मालकाकडे, रोजच्या वापरातल्या वस्तूंची किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे. गळती कळवल्यापासून किती दिवसांत तात्पुरती सोय व्हायची तो आकडा घाला. आणि नूतनीकरणाच्या दिवशी दोघींनी मिळून घरभर फिरून काढलेले फोटो कराराला जोडा, प्रत्येकावर दोघींच्या सह्या घेऊन.